निजलेल्या दोघी

इंग्लंडच्या मध्यभागी, स्टॅफर्डशर परगण्यात, लिचफील्ड नावाचं एक लहानसं शहर आहे. इंग्रजी शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन १७०९ साली इथे जन्मले. गावातल्या कॅथीड्रलला तीन उंच निमुळते मनोरे आहेत, आणि इंग्लंडमधल्या मध्ययुगीन कॅथीड्रलांपैकी अशी तीन शिखरं फक्त याच वास्तूवर दिसतात. या कॅथीड्रलच्या दक्षिणेकडच्या भागात एका चौथऱ्यावर पांढऱ्या संगमरवराची गादी अंथरलेली आहे. गादीवर दोन लहान मुली एकमेकींना बिलगून झोपल्या आहेत. पाय उघडे, अंगात झोपायचे सैल झगे. धाकटीच्या हातात नुकतीच खुडलेली फुलं आहेत. पंख पसरलेला देवदूत जवळ नाही, रडणारी देवी नाही, अस्थिकलश नाही, कवटी नाही. शेजारची पाटी वाचली नाही, तर हे थडग्यावरचं शिल्प आहे हे सांगूनही पटू नये.

सर फ्रान्सिस चॅन्ट्री या शिल्पकाराचं हे काम १८१७ सालचं. ‘स्लीपिंग चिल्ड्रेन’ या नावाने ते ओळखलं जातं. दोनशे वर्षांत त्याच्यावर कविता झाल्या, विल्यम लाइल बोल्ससारख्या नावाजलेल्या कवीनेही एक लिहिली. त्याची चित्रं छापली गेली, आणि ते नेमकं कुणाच्या हातचं यावर वादही झाले. मराठीत मात्र या शिल्पाची सविस्तर ओळख माझ्या वाचनात आलेली नाही. ती करून द्यावी यासाठी हे पुस्तक आहे. आणि ती करून देताना एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे: या शिल्पाचं श्रेय वाटताना ज्या व्यक्तीचं नाव नेहमी सगळ्यांत शेवटी आणि दयेच्या सुरात घेतलं जातं, ती या शिल्पाची पहिली कर्ती आहे. ती या मुलींची आई.

तिचं नाव एलन-जेन रॉबिन्सन. लिचफील्ड कॅथीड्रलचे डीन जॉन चॅपल वुडहाउस यांची ती मुलगी. डीन म्हणजे कॅथीड्रलच्या धर्मगुरूंचा प्रमुख. तिचा नवरा विल्यम रॉबिन्सन हाही तिथलाच एक धर्माधिकारी. या घराचं सगळं आयुष्य त्या तीन मनोऱ्यांच्या सावलीत चाललेलं होतं. १८१२ साली विल्यम क्षयाने गेला, तोही ऐन तारुण्यात. पदरात दोन मुली राहिल्या. थोरलीला आईचंच नाव होतं, एलन-जेन, धाकटी मॅरिअ‍ॅन. १८१३ साली बाथ शहरात असताना थोरलीच्या रात्रीच्या झग्याने पेट घेतला आणि त्यात ती गेली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मॅरिअ‍ॅन आजारी पडली, तीही गेली. तीन वर्षांत नवरा आणि दोन्ही मुली. आईला उरलं ते फक्त वडिलांचं घर.

त्या काळी युरोपात मूल मोठं होणं ही गृहीत धरायची गोष्ट नव्हती. देवी, गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, क्षय यांपैकी कुठलाही आजार घरात शिरला की पाळणा रिकामा होई, आणि त्यात गरीब-श्रीमंत असा भेद नसे. आगीचं भय वेगळंच. घर उबदार ठेवायला उघडी शेकोटी, उजेडाला मेणबत्ती, आणि अंगात हलकं, मोकळं सुती कापड. लोकर हळूहळू धुमसते; सुती झग्याला ठिणगी लागली की पाहता पाहता सगळा पेटतो. अशा कितीतरी मुलींच्या नोंदी त्या काळच्या वर्तमानपत्रांत दोन ओळींत येऊन गेल्या आहेत.

या बाईने शिल्पकाराकडे काय मागितलं, हे नीट पाहायला हवं. रोज रात्री आपल्या मुली एकमेकींच्या कुशीत झोपी जाताना ती बघत असे. तेच तिला दगडात हवं होतं. मुली स्वर्गात गेल्याचं दृश्य तिने मागितलं नाही. शोक करणारी आई म्हणून स्वतःला त्या शिल्पात बसवून घेतलं नाही, आणि त्या काळी तशी स्मारकं सर्रास होत. तिने मागितली ती एक रोजची, घरातली, कुणाच्याही लेखी किरकोळ असलेली गोष्ट: दिवा मालवण्याआधी दारात उभं राहिलेल्या आईला जे दिसतं ते. शिल्पाचा विषय, त्यातली माणसं, त्यांची ठेवण, त्यांचा एकमेकींना होणारा स्पर्श, हे सगळं या मागणीतच ठरून गेलं होतं. शिल्पकलेत याला रचना म्हणतात. रचना आईची होती.

तिने हे ज्याच्याकडे मागितलं, तो माणूस तेव्हा पस्तिशीच्या आतला होता. फ्रान्सिस चॅन्ट्रीचा जन्म ७ एप्रिल १७८१ चा, शेफील्डजवळच्या नॉर्टन गावातला. वडील सुतारकाम करत आणि थोडी शेती. मुलगा बारा वर्षांचा असताना ते वारले, आईने पुढे दुसरं लग्न केलं. पोराला शेफील्डमध्ये एका वाण्याच्या दुकानात ठेवण्यात आलं, पण तिथे तो रमला नाही. १७९७ साली तो रॉबर्ट रॅमसे नावाच्या कारागिराकडे शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. रॅमसेकडे लाकडावर कोरीव काम आणि सोनेरी मुलामा देण्याचं काम चाले. करार पुरा व्हायच्या आतच, १८०२ मध्ये, पैसे भरून चॅन्ट्रीने त्यातून सुटका करून घेतली. मग शेफील्डमध्ये लोकांची चित्रं काढणं, लंडनमध्ये लाकूडकाम करणं, असं चाललं होतं. पुढे त्याचं नाव झाल्यावरची एक हकीकत सांगतात. सॅम्युअल रॉजर्स या श्रीमंत कवीच्या घरी तो जेवायला गेला असता, तिथल्या एका कोरीव लाकडी सामानाकडे बोट दाखवून त्याने यजमानांना सांगितलं की पाच शिलिंग रोजावर हे मीच कोरलं होतं.

संगमरवरातला त्याचा पहिला अर्धपुतळा शेफील्डच्या धर्मगुरूंचा, जेम्स विल्किन्सन यांचा. ते काम पत्करलं तेव्हा त्याने संगमरवराला छिन्नी लावलेलीही नव्हती. खरं यश आलं ते १८११ मध्ये. त्या वर्षी रॉयल अ‍ॅकॅडमीच्या प्रदर्शनात त्याने हॉर्न टुक या जहाल राजकारणी लेखकाचा अर्धपुतळा मांडला. म्हातारा, आजारलेला माणूस, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर आयुष्यभराचं भांडण. तो पुतळा लोकांनी पाहिला आणि चॅन्ट्रीकडे कामांची रीघ लागली. रोमन पोशाख चढवून माणसाला पुराणपुरुष करण्याच्या त्या काळात चॅन्ट्री माणसाला माणसासारखं घडवत होता, आणि हीच त्याची कीर्ती होती.

तरीही रॉबिन्सनबाईंच्या कामात त्याची नेहमीची पद्धत उपयोगाची नव्हती. ती पद्धत समजून घेतली की अडचण कळते. चॅन्ट्री समोरच्या माणसाला बसवून आधी त्याच्या चेहऱ्याची रेखाटनं करी, एक समोरून, एक बाजूने. यासाठी तो कॅमेरा ल्युसिडा वापरी. १८०६ साली विल्यम हाइड वुलस्टन या शास्त्रज्ञाने पेटंट घेतलेलं हे साधन म्हणजे दांडीवर बसवलेला एक लहानसा लोलक. त्यातून पाहिलं की समोरचा चेहरा आणि खालचा कागद डोळ्याला एकत्र दिसतात, आणि पेन्सिल चेहऱ्याच्या कडेवरून फिरवता येते. अशी शेकडो रेखाटनं आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जपलेली आहेत. रेखाटनावरून ओल्या मातीत डोकं घडवायचं, त्याचा प्लास्टरमध्ये ठसा घ्यायचा, आणि मग तो ठसा दगडात उतरवायचा. म्हणजे सगळा डोलारा उभा होता तो जिवंत माणूस तासभर समोर बसण्यावर. बैठकीच्या वेळी चॅन्ट्री समोरच्याशी मोकळेपणाने गप्पा मारी, म्हणजे चेहऱ्यावरचा ताठरपणा जाई.

इथे समोर बसायला कुणी नव्हतं. काम हाती आलं तेव्हा दोन्ही मुली गेलेल्या होत्या. होतं ते आईचं बोलणं.

त्या बोलण्यात एका आधीच्या शिल्पाचाही उल्लेख होता. लिचफील्डहून फार दूर नसलेल्या अ‍ॅशबोर्न गावी, सेंट ऑस्वल्ड चर्चमध्ये पेनेलपी बूथबी या मुलीचं स्मारक आहे. सर ब्रूक बूथबी यांची ही एकुलती एक मुलगी. जोशुआ रेनॉल्ड्सने १७८८ साली मोठ्या बायकांची टोपी घातलेल्या रूपात तिचं चित्र काढलं होतं, आणि ते फार गाजलं. १७९१ च्या मार्चमध्ये, सहा वर्षांचीही झाली नसताना, ती गेली. तिच्या स्मारकाचं शिल्प टॉमस बँक्सने १७९३ मध्ये केलं. गादीवर कुशीवर झोपलेली मुलगी, गुडघे किंचित दुमडलेले, हात चेहऱ्याजवळ. चौथऱ्यावर इंग्रजी, लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन अशा चार भाषांत मजकूर कोरला आहे, जणू एका भाषेत बापाचं दुःख मावलंच नाही. बूथबींनी १७९६ मध्ये तिच्या आठवणीत कवितांचं एक पुस्तकही छापलं. बाप लिहिता होता, म्हणून त्याचं दुःख आपल्याला त्याच्याच शब्दांत वाचता येतं. लिचफील्डच्या आईने असं काही छापलं नाही. तिचं म्हणणं आपल्यापर्यंत आलं ते शिल्पकाराच्या गोटातून, दुसऱ्यांच्या तोंडून, म्हणून ते जपून ऐकावं लागतं.

चॅन्ट्री अ‍ॅशबोर्नला जाऊन बँक्सचं शिल्प पाहून आला, असं सांगतात. तिथल्या खानावळीत बसून त्याने आपल्या शिल्पाचं पहिलं रेखाटन केलं, असंही एका हकीकतीत आहे. दोन्ही शिल्पं मनात शेजारी ठेवली की चॅन्ट्रीने काय घेतलं आणि काय बदललं ते दिसतं. गादी आणि झोप बँक्सकडून आली. पण बँक्सची मुलगी एकटी आहे. ती आजारात झोपलीय की बरी होऊन झोपलीय हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि तिच्याकडे पाहताना एकटेपणाची कळ आपोआप उठते. लिचफील्डच्या मुली दोघी आहेत. एकीचा भार दुसरीवर आहे. ज्यांना मरणाने वर्षभराच्या अंतराने, दोन वेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या रीतीने गाठलं, त्या इथे एकाच गादीवर, एकाच रात्रीत आहेत. हा बदल शिल्पाच्या दृष्टीने फार मोठा आहे, आणि तो आईच्या सांगण्यातून आलेला आहे.

आता श्रेयाच्या वादाकडे वळतो. चॅन्ट्रीच्या हयातीतच कुजबुज सुरू झाली होती की ही रचना मुळात टॉमस स्टॉथर्ड या चित्रकाराची. स्टॉथर्ड नाजूक, लयदार रेषांसाठी प्रसिद्ध होता आणि चॅन्ट्रीचा मित्रही होता. त्याने या शिल्पासाठी रेखाटन करून दिलं असं अनेकांनी लिहिलं. दुसरं नाव एफ. ए. लेजे याचं. हा चॅन्ट्रीच्या शिल्पशाळेतला कारागीर. प्रत्यक्ष घडणीत त्याचा हात मोठा होता असं मानलं जातं, आणि धाकटीच्या हातातल्या फुलांची कल्पनाही त्याच्या नावावर सांगतात. चॅन्ट्रीची बाजू घेणाऱ्यांमध्ये त्याच्याच पदरी असलेला अ‍ॅलन कनिंगहॅम होता. हा स्कॉटिश कवी १८१४ पासून चॅन्ट्रीच्या मृत्यूपर्यंत शिल्पशाळेचा कारभार बघत होता, त्यामुळे त्याचं म्हणणं आतल्या माणसाचं आहे आणि धन्याच्या बाजूचंही आहे.

हा वाद मला एका मर्यादेपलीकडे महत्त्वाचा वाटत नाही. त्या काळातलं संगमरवराचं मोठं काम एकट्याच्या हातून होतच नसे. टस्कनीतल्या कॅरारा खाणीतून पांढरा दगड जहाजाने लंडनला येई. प्लास्टरच्या नमुन्यावर ठरावीक जागी खुणा करत. पॉइंटिंग मशीन नावाच्या चौकटीला एक सरकती सुई असे. त्या सुईने खुणेची खोली मोजायची, आणि दगडात तेवढंच भोक पाडायचं. अशी भोकं पाडत पाडत दगडाचा वरचा भाग काढून टाकला की आतून आकार मोकळा होई. हे काम एका माणसाचं, कापडाच्या चुण्या कोरण्याचं दुसऱ्याचं, घासून चकाकी आणण्याचं तिसऱ्याचं. शेवटचा हात मालकाचा. लंडनच्या पिम्लिको भागातल्या चॅन्ट्रीच्या शिल्पशाळेत असंच चाले, आणि रोममध्ये अन्तोनियो कानोव्हा या शिल्पकाराकडेही असंच चाले. त्यात लपवण्यासारखं काही नाही. खटकतं ते दुसरंच. स्टॉथर्डची रेघ किती, लेजेची छिन्नी किती, चॅन्ट्रीचा हात किती, हे मोजायला शंभर वर्षं लेखण्या झिजल्या. पण ज्या बाईने हे दृश्य रात्रीमागून रात्री पाहिलं, मनात धरून ठेवलं, आणि दुसऱ्याला दिसावं इतकं स्पष्ट सांगितलं, तिच्याकडे या हिशोबात कुणी वळलंच नाही. तिला ‘शोकाकुल माता’ म्हटलं की झालं.

चॅन्ट्रीचं मोठेपण मला याच ठिकाणी दिसतं. त्याने तिचं ऐकलं. हे सोपं नव्हतं. स्मारकशिल्पाची त्या काळची भाषा तयार होती, गिऱ्हाइकांना तीच हवी असे आणि त्याने स्वतःही ती इतर स्मारकांत वापरली आहे. इथे एकही ठरीव चिन्ह न वापरता त्याने नुसती झोप घडवली. झोप घडवणं शिल्पकाराला अवघड असतं, कारण दगड मुळातच निश्चल. निजलेलं आणि मेलेलं यांतला फरक दगडात दाखवायचा कसा? चॅन्ट्रीने तो भारात दाखवला. डोक्याच्या वजनाने उशी दबलेली आहे. अंग सैल आहे, पण एकमेकींना धरलेले हात अजून सुटलेले नाहीत. कॅराराच्या दगडाचा एक गुण त्याच्या मदतीला होता. उजेड या दगडाच्या पृष्ठभागावरून नुसता परतत नाही. थोडा आत शिरतो आणि आतून पसरून बाहेर येतो. त्यामुळे गालाच्या, पावलाच्या गोलाईवर कातडीखाली रक्त असल्यासारखी मऊ झाक येते.

आणि फुलं. ती स्नोड्रॉपची आहेत. इंग्लंडमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत, कधी बर्फातूनच डोकं वर काढणारी ही लहानशी पांढरी फुलं. हिवाळा संपत आल्याची पहिली खूण. धाकटीने ती खुडली आणि हातात धरूनच झोपली. संपूर्ण शिल्पात काळाची जाणीव करून देणारी ही एकच वस्तू आहे, कारण खुडलेलं फूल सकाळपर्यंत ताजं राहत नाही. लेजेची कल्पना असेल तर त्याला मनापासून दाद द्यायला हवी.

एक प्रश्न मात्र टाळता येत नाही, आणि तो विचारल्यावाचून हे शिल्प नीट पाहिलं असं म्हणता येणार नाही. थोरली मुलगी जळून गेली होती. दगडातली तिची त्वचा निष्कलंक आहे. हे सत्य लपवणं नाही का? काही टीकाकारांना या शिल्पात गोडवा जास्त वाटतो, मरणावर झोपेचं पांघरूण घालून पाहणाऱ्याचे डोळे ओले करण्याची युक्ती वाटते. मला ते पटत नाही. बाहेरच्या माणसाने या मुलीच्या मरणाला गोड रूप दिलं असतं, तर आक्षेप खरा ठरला असता. पण इथे मागणी आईची आहे, आणि बाथमधली ती रात्र तिला कुणी विसरायला लावू शकत नव्हतं. आपल्या मुलीचं शेवटचं रूप तेच राहू नये, असं तिने ठरवलं. आगीने नेलेला देह तिने दगडात परत घेतला, त्याच झग्यासकट, त्याच अंथरुणासकट. रात्रीचा झगा हा तिच्या मुलीच्या मृत्यूला कारण झालेला कपडा होता. शिल्पात तो नको असं ती म्हणू शकली असती. त्या झग्याच्या चुण्या दगडात पाहताना मला या बाईचं धैर्य विलक्षण वाटतं.

१८१७ च्या उन्हाळ्यात हे शिल्प लिचफील्डला जाण्याआधी लंडनला रॉयल अ‍ॅकॅडमीच्या प्रदर्शनात मांडलं गेलं. त्याच प्रदर्शनात अन्तोनियो कानोव्हाच्या दोन मूर्ती होत्या, हीबी आणि टर्प्सिकोरी. कानोव्हा त्या वेळी युरोपातला पहिल्या क्रमांकाचा शिल्पकार, आणि ग्रीक देवतांच्या त्या दोन मूर्ती त्याच्या हातच्या. तरी गर्दी झाली ती या दोन मुलींभोवती. बायका त्यांच्यासमोर उभ्या राहून रडल्या, असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलं आहे. त्यांच्यातल्या कितीजणींनी घरी रिकामं अंथरूण पाहिलं असेल, याचा अंदाज करता येतो. चॅन्ट्री १८१८ मध्ये अ‍ॅकॅडमीचा पूर्ण सदस्य झाला. १८३५ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. त्याने खूप पैसा मिळवला. त्याला मूलबाळ नव्हतं. २५ नोव्हेंबर १८४१ ला तो गेला. पत्नीनंतर आपल्या मिळकतीतून ब्रिटनमध्ये घडलेली चित्रं आणि शिल्पं देशासाठी विकत घ्यावीत, अशी तजवीज त्याने मृत्युपत्रात केली होती. त्या निधीतून घेतलेल्या अनेक कलाकृती आज लंडनच्या टेट संग्रहात आहेत.

मुलांच्या शिल्पांत त्याचं आणखी एक काम आवर्जून पाहण्यासारखं आहे, तेही याच सुमाराचं. वोबर्न अ‍ॅबी या बेडफर्डच्या ड्यूकच्या वाड्यात लहानग्या लेडी लुइसा रसेलची मूर्ती आहे. चवड्यांवर उभी राहून तिने एक कबुतर छातीशी घट्ट धरलं आहे. ही मुलगी जिवंत होती, समोर होती, चुळबुळत होती. तिथे चॅन्ट्रीची नजर किती चपळ होती ते कळतं, आणि लिचफील्डला ती किती शांत झाली तेही.

या शिल्पामागून पुढच्या पन्नास वर्षांत निजलेल्या मुलांची जणू लाटच आली. इंग्लंड-अमेरिकेतल्या दफनभूमींत संगमरवरी उशांवर डोकं टेकलेली बाळं जागोजाग दिसू लागली. विल्यम हेन्री राइनहार्ट या अमेरिकन शिल्पकाराने १८५९ मध्ये बाल्टिमोरच्या ग्रीन माउंट दफनभूमीसाठी दोन झोपलेली मुलं घडवली. ती इतकी आवडली की त्यांच्या कितीतरी प्रती करून त्याने विकल्या. स्मारक होतं ते दिवाणखान्याची शोभा झालं. व्हिक्टोरिया राणीने तर आपल्या जिवंत बाळांचे हात-पाय संगमरवरात करवून घेतले. ते ऑझबर्न हाउसमध्ये अजून आहेत. या सगळ्यांत मनापासून केलेलं काम आहे आणि नुसती नक्कलही आहे. नक्कल ओळखायची माझी खूण अशी: ज्या शिल्पातलं मूल कुठल्याही घरातलं चालेल, तिथे कुणाचीच आठवण नाही. लिचफील्डच्या मुली कुठल्याही घरातल्या नाहीत.

मराठी वाचकाला चॅन्ट्री अगदीच परका नाही, हे इथे सांगायला हवं. मुंबईच्या फोर्ट भागात, टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीत गेलेल्या अनेकांनी त्याचं काम पाहिलं आहे, भले शिल्पकाराचं नाव माहीत नसेल. तिथला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा पुतळा चॅन्ट्रीचा. जॉन माल्कमचा त्याचाच. चार्ल्स फोर्ब्सचाही. पेशवाई बुडाल्यानंतरच्या महाराष्ट्राचा कारभार ज्या दोन गव्हर्नरांनी एकामागून एक पाहिला, १८१९ ते १८२७ एल्फिन्स्टन आणि त्यानंतर १८३० पर्यंत माल्कम, त्यांचे चेहरे आपल्यासमोर संगमरवरात ठेवले ते याच माणसाने. मद्रासमधला तिथल्या गव्हर्नरचा, टॉमस मन्रोचा, बिनखोगिराच्या घोड्यावरचा पुतळाही त्याचाच. हे पुतळे सत्तेचे आहेत. ते कोणी उभे करवले, कोणासाठी, त्यांच्याकडे मान वर करून कोणी पाहावं अशी अपेक्षा होती, हे प्रश्न वेगळे आणि कठोर आहेत, आणि ते विचारलेच पाहिजेत. पण एकच शिल्पशाळा एकीकडे साम्राज्याचे अधिकारी घडवत होती आणि दुसरीकडे या दोन मुली घडवत होती, हे ध्यानात ठेवून टाउन हॉलमधला एल्फिन्स्टन पुन्हा बघावा. पुतळ्याला उभं राहायला जागा, उंची, चौथरा, कोरलेलं नाव सगळं मिळालं आहे. लिचफील्डमध्ये चॅन्ट्रीने पाहणाऱ्याची मान खाली वळवली, जशी अंथरुणावरच्या मुलाकडे बघताना वळते. त्याच कॅथीड्रलमध्ये बिशप हेन्री रायडरची गुडघे टेकलेली मूर्तीही चॅन्ट्रीची आहे, आयुष्याच्या अखेरच्या काळातली. ती चांगली आहे. तिच्यासमोर मात्र फार वेळ थांबावंसं वाटत नाही.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. अशा पुस्तकाची सुरुवात शिल्पकाराच्या जन्मापासून करण्याची पद्धत आहे. मी ती सोडली आहे. पहिलं प्रकरण एलन-जेन रॉबिन्सनचं आहे: तिचं माहेर, कॅथीड्रलभोवतीची वस्ती, आणि १८१२ ते १८१४ ही तीन वर्षं. चॅन्ट्री दुसऱ्या प्रकरणात येतो, अ‍ॅशबोर्न तिसऱ्यात. स्टॉथर्ड आणि लेजे यांच्या वादाला एक प्रकरण दिलं आहे, ते ज्यांना त्यात रस नाही त्यांनी ओलांडून पुढे गेलं तरी चालेल. दगड, माती, प्लास्टर आणि पॉइंटिंग मशीनवरचं प्रकरण मात्र कुणी ओलांडू नये. मूर्तिकला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून ते लिहिलं आहे. मुंबईतल्या पुतळ्यांचं प्रकरण सगळ्यांत शेवटी आहे.